शेवटचं कोण?

“शेवटचं कोण?”

दारातून आत पाऊल टाकता टाकता नोरीन इतक्या जोरात ओरडली, की माझ्या हातातला पावांचा ट्रे हलला. दुकानात काळं कुत्रं नव्हतं. सकाळची पहिली गर्दी नुकतीच ओसरली होती आणि मी जरा टेकायच्या विचारात होते.

“मीच शेवटची,” मी म्हटलं. “आणि पहिलीपण मीच. एवढी काय कोकलतेस गं बाई, सगळं गाव जागं झालं!”

“रेमे, आज दिवस आला! आज मी गावचा होणार!”

“गावची.”

“गावची! गावची!” असं म्हणत तिने माझे दोन्ही गाल धरले आणि दोन्हीकडे मुके घेतले. ओठांना लाल रंग, अंगात पोपटांच्या नक्षीचा निळा झगा, केस कालच सेट करून आणलेले. चौसष्ट वर्षांची बाई, पण त्या सकाळी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी नुसती उड्या मारत होती. हातात एक बंद पाकीट होतं. ते ती दर मिनिटाला या हातातून त्या हातात घेत होती.

एवढं काय होतं ते सांगते. स्पेनमधल्या आमच्या या बेनियालगार गावात, चर्चच्या चौकात माझी बेकरी आहे. नवऱ्याच्या मागे एकोणीस वर्षं मीच चालवते. गावात आमच्या दर पाचवं घर इंग्रजाचं. ते २०१९ साल होतं, आणि ऑक्टोबरअखेर इंग्लंड युरोपातून बाहेर पडणार, अशी हवा होती. त्याआधी ज्याच्या हातात राहण्याचा कागद असेल तो राहील, बाकीच्यांचं काय होईल ते देवालाच ठाऊक. त्यामुळे सगळे इंग्रज कागदांच्या मागे धावत सुटले होते. नोरीन आणि तिचा नवरा नेव्हिल यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वीसला अलिकान्तेच्या पोलिस कचेरीत बोलावलं होतं. तिथे जायचं तर गावचा रहिवासी दाखला सोबत हवा, आणि तो द्यायची खिडकी आमच्या गावच्या कचेरीत दोनला बंद होते. उद्याची वेळ हुकली, तर पुढची तारीख थेट डिसेंबरात. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच, दोनच्या आत.

“आणि साहेब कुठायत?” मी विचारलं.

“मागून येतो. म्हणाला, तू हो पुढे, मी येतोच. गुडघा दुखतो त्याची.” पाकीट माझ्यापुढे नाचवत ती म्हणाली, “सगळे कागद इथे. खिडकीत उघड म्हणाला, नाहीतर मी वाटेत सांडणार.”

“सांडशीलच,” मी म्हटलं, आणि जावेला दुकानावर बसवून तिच्याबरोबर निघाले. हिला एकटीला कचेरीत पाठवण्याइतकी मी कठोर नाही.

तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली, तो दिवस मला आजही आठवतो. दाराशी भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. बायका येत होत्या, ‘शेवटचं कोण?’ म्हणून विचारत होत्या, कुणीतरी ‘मी’ म्हणत होतं, झालं. आमच्याकडे रांग डोक्यात असते, जमिनीवर नसते. आपल्या पुढे कोण आहे ते एकदा कळलं, की मग खुशाल बाकावर बसा, बाहेर जाऊन सिगारेट ओढा, सुनेच्या कागाळ्या करा. ही बया कुणाला काही विचारेचना. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतेय. चाळीस मिनिटं! दर नव्या गिऱ्हाइकाला मी पाव दिला की हिचा चेहरा आणखी लाल. शेवटी दुकान रिकामं झालं तेव्हा पुढे आली, आणि म्हणाली काय, तर “माफ करा.” ताटकळली ती, आणि माफीही तिनेच मागायची!

मी कपाळावर हात मारला आणि तिथल्या तिथे तिला शिकवलं. आत आलीस की मोठ्यांदा विचार, शेवटचं कोण. जो ‘मी’ म्हणेल त्याचं तोंड लक्षात ठेव. मग शेवटची तू. पुढचं माणूस आलं आणि त्याने विचारलं, की तू ‘मी’ म्हण, की सुटलीस. तिने ते वहीत लिहून घेतलं.

“मी शेवटचा,” तिने म्हणून पाहिलं.

“शेवटची. तू बाई आहेस ना?”

“बाई आहे,” ती म्हणाली. पण तिच्या शिकवणीच्या टेपवर पुरुष बोलायचा, त्यामुळे तिची जीभ त्याच वळणावर पडली होती. त्या दिवसापासून ती दुकानात आली की आधी ओरडायची, मग कुणी विचारायची वाट बघत बसायची आणि कुणी विचारलं की वर्गात हात करावा तसा हात वर करून सांगायची, “मी! मी शेवटचा!” अख्खं दुकान हसायचं. ती सगळ्यांत जास्त हसायची.

नेव्हिलने मात्र एकदाही विचारलं नाही. तो मागे उभा राहून धुमसायचा, आणि पुढे पुढे तर पावसुद्धा हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून आणायला लागला. तिथे नंबराचं तिकीट देणारं यंत्र आहे, कुणाशी बोलावं लागत नाही.

गंमत बघा, स्पेनचं खूळ मुळात त्याचं. तिकडे इंग्लंडात ओल्डहॅमला जन्मभर घरोघरी गॅसच्या जोडण्या केल्या, निवृत्तीचा पैसा आला, आणि टीव्हीवर ऊन बघून बघून या बाबाने इथे घर घेतलं, तेही एकट्याच्या नावावर. ही तर बहिणीच्या गळ्यात पडून रडत रडत आलेली. पण पहिल्या वर्षी संत्र्यांची झाडं मोजून झाली, दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात फरशी गार पडली, घरात कोट घालून बसायची वेळ आली, आणि गड्याचं मन उडालं. एकदा नोरीनने मला सांगितलं होतं, त्याच्याच शब्दांत. “तिकडे मी एक वाक्य बोललो की दहा माणसं हसायची. इथे मी बोट दाखवून कांदे मागतो, आणि लोक माझी कीव करतात.” मला फार वाईट वाटलं होतं ते ऐकून. खोटं नव्हतं ते. आम्ही त्याची कीवच करत होतो.

ही मात्र चुकत चुकत सुटली. पाद्रीबाबांना “तुमचं भाषण छान शिजलं” म्हणाली, विसेंतेकाकांच्या गाढवाला ‘अहो’ म्हणायची, पण गावातलं एक लग्न, एक बारसं तिच्यावाचून झालं नाही. ओल्डहॅमला ती काय करायची ठाऊक आहे? शाळेपुढे लांब पिवळा कोट घालून, गोल पाटीची काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं. गाड्या अडवायच्या, पोरांना पलीकडे सोडायचं. सत्तावीस वर्षं, सकाळ संध्याकाळ, पावसात. गेल्या महिन्यात माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून एकदम म्हणाली, “रेमे, मी सगळ्यांना रस्ता ओलांडवला. मी कायम मध्ये. इथे आला आणि पहिल्यांदा मी रस्ता ओलांडला.” मग जीभ चावून म्हणाली, “ओलांडली?”

“नाही गं,” मी म्हटलं. “या वेळी बरोबर आहे.”

तिला परत जायचं नव्हतं. नेव्हिलने उन्हाळ्यात सांगून टाकलं होतं, की ऑक्टोबरअखेर कागद झाले तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. म्हणून तिचा सगळा जीव त्या पाकिटात.

कचेरीत पोचलो आणि मला घेरी यायची बाकी राहिली. एका बाजूला भिंतीला लागून वीस-बावीस इंग्रज, एकामागे एक, मुंग्यांसारखे. दुसऱ्या बाजूला बाकांवर आमची मंडळी ऐसपैस, डोक्यातल्या रांगेत. दोन्हीकडच्यांना वाटतंय, आपण रांगेत आहोत आणि समोरचे नुसते बसलेत किंवा नुसते उभे आहेत.

“शेवटचं कोण?” नोरीन गरजली. भिंतीकडून कुणी हूं की चूं केलं नाही. बाकावरून आमच्या गल्लीतल्या कोंचीने हात केला. नोरीन खूश होऊन तिच्याजवळ बसली.

पाच मिनिटांत विसेंतेकाका आले, पंच्याऐंशीचे, टोपी हातात. “शेवटचं कोण?”

“माझा नवरा!” नोरीन म्हणाली. “तो येतोय!”

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. “बरं. न आलेल्या माणसाच्या मागे उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ,” असं म्हणून ते बसले.

सगळं बरं चाललं होतं, ते बारापर्यंत. खिडकीतून कारकून अम्पारोने “पुढचं!” म्हणून हाक दिली आणि बाकावरून कोंची उठली, भिंतीकडून तांबड्या मानेचा एक टकला इंग्रज पुढे सरसावला. दोघं खिडकीवर एकदमच आदळली.

“मी नऊपासून उभा आहे!” तो ओरडला. एवढं स्पॅनिश त्याला येत होतं.

“उभं राहायला सांगितलं कुणी तुला?” काका बसल्या जागेवरून म्हणाले. “विचारलंस का कुणाला?”

“रांग आहे ही! रांग!”

“कुठाय रांग? मला तर भिंत दिसतेय!”

आमची माणसं हसली, ते इंग्रज पेटले. कोण कुणाला काय बोलतंय कळेना. एकाने कोंचीच्या पिशवीला धक्का मारला, कोंचीने त्याच्या सात पिढ्या काढल्या. अम्पारो, जी एरवी गाईसारखी गरीब आहे, तिने खिडकीचं शटर धाडकन खाली ओढलं. “तुमचं आपसात काय ते ठरवा. तोवर मी उघडत नाही. आणि दोनला मी घरी जाणार.”

नोरीनचा चेहरा पांढराफटक पडला. तिने घड्याळ पाहिलं, पाकीट पाहिलं. मग ती उठली, सरळ त्या हाणामारीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पाकिटाचा हात वर केला.

“थांबा!”

इंग्रजीत म्हणाली, पण थांबले सगळे. मीसुद्धा. तीन वर्षं मी जिचं अडखळणं ऐकत होते, त्या बाईचा हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. या आवाजाने ट्रक थांबत असणार. “कुणी जागचं हलायचं नाही! तुम्ही, हो तुम्हीच, मागे व्हा. ती पिशवी उचलून द्या बाईंना. असं. आता मी विचारीन तोच बोलेल.”

तांबड्या मानेच्या माणसाने मुकाट्याने पिशवी उचलून दिली.

मग एका दमात तिने इंग्रजांना विचारलं कोण कधी आलं, आमच्या लोकांना विचारलं कुणाच्या मागे कोण. इकडचं तिकडे सांगितलं, तिकडचं इकडे. आमच्याशी बोलताना तीच बाई पुन्हा ‘तू माझा काकू’ म्हणत होती, पण आता कुणी हसत नव्हतं. एक इंग्रज, एक आपला, एक इंग्रज, दोन आपले, असं करत तिने आल्या वेळेप्रमाणे अख्खी कचेरी विणून काढली. टकल्याला विसेंतेकाकांच्या शेजारी नेलं आणि कोंचीकडे बोट दाखवलं. “तुम्ही त्या बाईंच्या मागे. त्यांचं तोंड बघून ठेवा. संपलं. आता बसा.”

“बसू?” तो म्हणाला. “उभं नाही राहायचं?”

“तीच तर मजा आहे इथली,” नोरीन म्हणाली. “बसायचं.”

तो बसला. थोड्या वेळाने काकांनी त्याला सिगारेट दिली आणि दोघं बाहेर ओढायला गेले. मी शटरवर टकटक केली, अम्पारोने फटीला डोळा लावून बाहेर पाहिलं, आणि काम सुरू झालं. काय सांगू, मला असा अभिमान वाटला, जणू मीच तिला जन्म दिलाय! भराभर शिक्के पडायला लागले. जाता जाता इंग्रज तिचा हात दाबत होते, आमच्या बायका मुके घेत होत्या. ती नुसती फुलली होती.

एकच्या सुमाराला तिची पाळी आली. नेव्हिल आला नव्हता.

“काका, तुम्ही जा,” ती म्हणाली. “मी थांबतो.”

“अगं, आत्ता जा की!” मी म्हटलं. “त्याचं तो बघेल.”

“नाही. दोघं एकत्र. तो येतो म्हणाला.”

काका गेले. मग त्यांच्या मागची गेली, मग तिच्या मागचा. दर वेळी ही दाराकडे बघायची आणि पुढच्याला हाताने पुढे सोडायची. घरी फोन लावला, नुसता वाजत राहिला. “निघाला असणार,” ती म्हणाली. “गुडघा आहे ना, हळू चालतो.” त्यांचं घर कचेरीपासून चार मिनिटांवर आहे.

पावणेदोन झाले. बाकं रिकामी. अम्पारोने खिडकीतून डोकं काढलं. “आटपलं का सगळ्यांचं?”

विसेंतेकाकांचं काम कधीच झालं होतं, तरी ते गेले नव्हते. “ही राहिलीय,” ते म्हणाले. “मी हिच्या नवऱ्याच्या मागे होतो, अम्पारो. माझं झालं, तो अजून यायचाय. आता तू हिचं काम कर.”

मी नोरीनचा दंड धरून तिला खिडकीशी नेलं. तिने पाकीट फोडलं. घराच्या कागदाची नक्कल निघाली. मग तिचा अर्ज, आणि त्यावर ‘घरमालकाची संमती’ लिहिलंय तिथे नेव्हिलची ठळक, सरळ सही. अम्पारोने मान डोलावली. मग तिसरा कागद. नेव्हिलचा स्वतःचा अर्ज.

“हा कोराच आहे,” अम्पारो म्हणाली. “सही नाही. नावसुद्धा नाही.” तिने तो उलटला. “मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलंय. काय आहे हे?”

नोरीनने कागद हातात घेतला. आधी मनातल्या मनात वाचला. मग आमच्याकडे न बघता, एकेक शब्द शोधत, आमच्या भाषेत सांगायला लागली.

“सिलिंडर बदलताना... आधी बटण बंद. मग नळी काढ. आतला रबर बघ, वाकडा असेल तर नवा घाल, नवे चार डब्यात आहे, खिडकीवर. मग साबणाची पाणी लाव. बुडबुडे आला... बुडबुडे आला तर हात लावू नको. रेमेला बोलव.”

तीन वर्षांत त्या माणसाने मला धड नमस्कार केला नव्हता, आणि कागदावर माझं नाव लिहून ठेवलं होतं. सिलिंडर त्यांच्याकडे तोच बदलायचा. मेल्या, मला म्हणावंसं वाटलं, एवढं चार ओळी लिहायला जमलं, तर सकाळी तोंडाने बोलायला काय झालं होतं? पण रागावू तरी कुणावर? तो स्वतः ओल्डहॅमला परत निघाला होता, पण त्याने तिला अडवलं नव्हतं. सही केली होती.

नोरीनने कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा, आणखी बारीक. डोळे भरून आले होते, पण हनुवटी वर.

अम्पारोने शिक्का उचलला. ती बिचारी खालच्या आवाजात म्हणाली, “मग बंद करू ना मी? तुमच्या मागे कोणी आहे?”

नोरीनने वळून दाराकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं, पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी शेवटची.”

तीन वर्षांत पहिल्यांदा तिचं ‘शेवटची’ बरोबर आलं. आणि मला वाटलं, आजच्या दिवस तरी चुकली असती तर बरं झालं असतं.

शिक्का पडला. अम्पारोने दाखला पुढे सरकवला आणि खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात धरला. नोरीनने दाखल्यावरचं नाव वाचलं, मग गावाचं नाव वाचलं, मोठ्यांदा, बोट ठेवून. “बेनियालगार,” ती म्हणाली, आणि रडता रडता हसलीच. “रेमे, उद्या नऊ वीस. बस किती वाजता?”

“साडेसातला. मी येते तुझ्याबरोबर.”

“दुकान?”

“दुकान गेलं खड्ड्यात.”

आम्ही तिघं बाहेर पडलो. कचेरीसमोरच हमरस्ता आहे. अलीकडच्या बाजूने त्यांच्या घराची गल्ली जाते, पलीकडे चौक, चर्च, माझं दुकान. वरून ऑलिव्हची पोती भरलेला ट्रॅक्टर येत होता, मागे दोन गाड्या. मी काकांचा हात धरून थांबले. नोरीन थांबली नाही. दाखला छातीशी धरून ती सरळ रस्त्यात उतरली, मधोमध गेली, ट्रॅक्टरकडे तोंड करून उभी राहिली आणि हात वर केला. ट्रॅक्टर कचकन थांबला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या हाताने आम्हाला खूण केली, चला.

काका हळू चालतात. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे पोचलो आणि मी मागे वळून पाहिलं. ती अजून तिथेच होती, हात वर, पोपटांचा झगा वाऱ्यावर उडतोय. तिने एकदा गल्लीकडे पाहिलं. ट्रॅक्टरवाला थांबला होता.

मग तिने हात खाली घेतला आणि आमच्या बाजूला आली.